रागसंगीताच्या मैफलीचे फोटो कसे काढावेत

रागसंगीताच्या मैफलीचे फोटो काढू इच्छिणाऱ्याने नवी लेन्स घेण्याआधी ताल मोजायला शिकावे, असे सांगितले की बहुतेकांना तो जुन्या रसिकाचा उपदेश वाटतो. प्रत्यक्षात ती निव्वळ तांत्रिक सूचना आहे. गाणारा माणूस कोणत्या क्षणी हात उचलणार, कधी साथीदाराकडे पाहणार आणि कधी चेहरा सैल सोडणार, हे या संगीतात पुष्कळ अंशी आधी कळते. मात्र ते कानांना कळते, डोळ्यांना नाही. दृश्य दिसल्यावर बटण दाबणाऱ्याला सुमारे एक पंचमांश सेकंद उशीर होतोच, कारण माणसाची प्रतिक्रियाच तेवढी संथ असते, आणि तेवढ्या वेळात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, आलेला हात मांडीवर परतलेला असतो.

विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल घ्या. बारा मात्रांचे (ठोक्यांचे) आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, आणि एक मात्रा चार-पाच सेकंदांची असेल तर एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंत पाऊण ते एक मिनिट जाते. यातला बराचसा वेळ गायक स्वरविस्तारात असतो, डोळे अनेकदा मिटलेले असतात आणि हात हळू फिरत असतो. आवर्तन संपत आले की तबल्यावरचे शेवटच्या मात्रांचे बोल सम जवळ आल्याची चाहूल देतात, गायक बंदिशीचा मुखडा (समेकडे नेणारे सुरुवातीचे शब्द) उचलतो, आणि समेवर हात खाली येतो, मान हलते, तबलजीशी नजरानजर होते, पुढच्या रांगेतली डोकी एकदम डोलतात. अर्ध्या तासाच्या बड्या ख्यालात (संथ लयीतल्या मुख्य रचनेत) हा क्षण तीस-एक वेळा येतो. पहिल्या चार-पाच आवर्तनांत कॅमेरा खाली ठेवून फक्त पाहावे: हा गायक समेला उजवा हात टाकतो की डावा, तबलजीकडे वळतो की समोर पाहतो, मुखडा किती मात्रा आधी उचलतो. एवढे कळले की पुढच्या आवर्तनात मुखड्याच्या पहिल्या अक्षराला कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि समेच्या किंचित आधी बटण दाबायचे.

तिहाई तर फोटोग्राफरच्या सोयीसाठीच रचली असावी, असे मला नेहमी वाटते. एकच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्याचे शेवटचे अक्षर समेवर पडते; म्हणजे पहिल्या दोन वेळा तुमची रंगीत तालीम आणि तिसरी वेळ खरी. पहिल्या वेळी चौकट ठरवावी, दुसऱ्या वेळी फोकस तपासावा आणि तिसऱ्या वेळी तीन-चार फोटोंची छोटी मालिका घ्यावी. त्यातला शेवटचा फोटो समेनंतरचा असतो, आणि अनेकदा तोच निवडला जातो, कारण हिशेब जुळल्याचे हसू समेवर नसते; ते समेच्या पाठोपाठ येते.

फिल्मच्या काळात एका रोलमध्ये छत्तीस फोटो असत आणि ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता) फिल्म १६०० ला ताणून वापरावी लागे. रघु राय, दिल्लीचे अविनाश पसरीचा आणि पुण्याचे सतीश पाकणीकर यांनी काढलेले कलावंतांचे फोटो शोधून पाहावेत, आणि पाहताना हा माणूस त्या वेळी काय गात असेल, याचा अंदाज करावा. चांगल्या फोटोत तो अंदाज करता येतो. सेकंदाला वीस फोटो काढणाऱ्या आजच्या कॅमेऱ्याने ऐकण्याची गरज कमी झालेली नाही. न ऐकता काढलेल्या फोटोंची संख्या तेवढी वाढली आहे.

परवानगी आणि पूर्वतयारी

तिकीट काढून आत आलो म्हणजे फोटो काढण्याचा हक्क मिळाला, असे होत नाही. मोठ्या महोत्सवांत छायाचित्रकारांसाठी वेगळा पास असतो आणि त्यांनी कोठे बसायचे तेही ठरलेले असते. छोट्या संस्थांच्या कार्यक्रमात आयोजकांना आधी विचारावे आणि त्यांच्यामार्फत कलावंतालाही कळवावे. पुण्याच्या एनएच-७ वीकेंडरसारख्या पाश्चात्त्य धाटणीच्या कार्यक्रमांत पहिल्या तीन गाण्यांपुरती मुभा देण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत फोटोग्राफरांच्या परिचयाचा आहे. रागसंगीतात तो जसाच्या तसा लागू करण्यात अर्थ नाही, कारण येथे पहिले ‘गाणे’च पाऊण तास चालू शकते, आणि चेहरा खुलतो तो त्याच्या उत्तरार्धात. म्हणून आयोजकांशी बोलताना मिनिटांऐवजी टप्प्यांची भाषा वापरावी: तंबोरे लावताना, विलंबिताच्या शेवटी, द्रुतात (जलद लयीत) आणि भैरवीच्या वेळी काढतो, आलापात कॅमेऱ्याचा आवाज करत नाही, असे सांगितले की समोरच्याला हा माणूस गाणे जाणणारा आहे हे कळते आणि परवानगी सहज मिळते.

शक्य असेल तर कार्यक्रमाआधी ग्रीनरूममध्ये जाऊन कलावंताला नमस्कार करावा. बोलणे दोन वाक्यांचे असावे: “ताई, मी आज डाव्या बाजूला खाली बसून फोटो काढणार आहे. फ्लॅश वापरणार नाही आणि आलापात कॅमेऱ्याचा आवाज येणार नाही.” त्यावर त्या म्हणाल्या की “विलंबित होईपर्यंत नकोच,” तर तो शब्द पाळावा. किशोरी आमोणकर मैफलीतल्या व्यत्ययाबाबत किती काटेकोर होत्या, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे, आणि असा काटेकोरपणा हा लहरीपणा नसून कामाची अट असते, हे ध्यानात ठेवले तर पुढचे पुष्कळसे नियम वेगळे सांगावे लागत नाहीत.

साउंड चेकची वेळ वाया घालवू नये. त्या वेळी मंच उजळलेला असतो, माइक लागत असतात आणि प्रकाशयोजना करणारा मोकळा असतो. चेहऱ्यावर समोरून येणारा दिवा कोणता, तो कार्यक्रमभर राहणार आहे की बदलणार आहे, मागच्या पडद्यावर काय दिसणार आहे, हे त्याला विचारून घ्यावे. निळे-जांभळे दिवे चेहऱ्यावर टाकू नका, ते मागच्या पडद्यापुरते ठेवा, ही विनंती त्याच वेळी गोडीने करता येते, आणि ती मान्य झाली तर रात्रीचे निम्मे काम तेथेच सोपे होते.

कोठे बसावे

गायकाच्या अगदी समोरची जागा सर्वांत वाईट. तेथून माइक नेमका तोंडावर येतो, मांडीसमोर मॉनिटर स्पीकरचा काळा डबा दिसतो आणि त्यापुढे फुलांची आरास. मधल्या रेषेपासून तीस ते पंचेचाळीस अंश बाजूला सरकले की माइक आणि ओठ यांच्यामध्ये फट दिसू लागते. ती फट हेच जागा बरोबर असल्याचे लक्षण. ख्यालाच्या बैठकीत तबला बहुतेक वेळा गायकाच्या उजव्या हाताला आणि संवादिनी (हार्मोनियम) डाव्या हाताला असते. म्हणून तबलजीशी होणारी नजरानजर हवी असेल तर गायकाचा चेहरा तबल्याकडे वळल्यावर तो आपल्याकडेही वळेल, अशा बाजूला, म्हणजे प्रेक्षकांच्या डाव्या हाताला बसावे. संवादिनीवादक स्वर कसे पकडतो हे टिपायचे असेल तर विरुद्ध बाजू. दोन्ही हवे असेल तर मध्यंतरात जागा बदलावी; राग चालू असताना मंचासमोरून ओणव्याने धावणारा फोटोग्राफर स्वतःला अदृश्य समजत असला तरी सभागृहातल्या प्रत्येकाला तो दिसत असतो.

उंचीचाही विचार करावा. मंच छातीइतका उंच असेल आणि तुम्ही त्याला चिकटून खाली बसलात, तर फोटोत हनुवटी आणि नाकपुड्याच येतात. चार-पाच मीटर मागे गेले की कोन सौम्य होतो. घरगुती बैठकीत हा प्रश्न उलटा असतो: कलावंत सतरंजीवर, फार तर वीतभर उंच बैठकीवर असतो, म्हणून उभ्याने काढलेला प्रत्येक फोटो वरून खाली पाहतो. तेथे चप्पल बाहेर ठेवून, भिंतीला टेकून, मांडी घालून बसावे. कॅमेरा आपोआप गाणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो.

बसल्या जागी पार्श्वभूमी तपासावी. गायकाच्या मागे तंबोरे उभे असतात आणि एखाद्या तंबोऱ्याची दांडी नेमकी डोक्यातून वर निघालेली दिसते. वीतभर डावीउजवीकडे झुकले की ती खांद्यामागे जाते. मागच्या फलकावरच्या प्रायोजकांच्या ठळक अक्षरांचेही तसेच. ती पूर्णपणे टाळता येत नाहीत, पण कानाजवळ अर्धवट अक्षर येण्यापेक्षा ते अख्खे डोक्यामागे लपवलेले बरे.

लेन्स

जागा ठरली की लेन्सचे गणित सोपे आहे. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० मिमी लेन्सने दहा मीटरवरून आडव्या चौकटीत सुमारे १.८ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच भाग मावतो, म्हणजे बसलेला एक कलावंत हातांसह. त्याच अंतरावरून ८५ मिमीने सव्वाचार मीटरच्या आसपास रुंदी मिळते आणि दोन्ही साथीदार आत येतात. ७०-२०० एफ/२.८ ही झूम लेन्स म्हणूनच या कामाची जुनी सोबतीण आहे. पण ती महाग आणि जड असते, आणि छोट्या बैठकीत ती गाणाऱ्याच्या तोंडावर रोखून बसणे अशोभनीय दिसते. सुरुवात करणाऱ्याने ८५ मिमी एफ/१.८ घ्यावी, क्रॉप (त्याहून लहान) सेन्सरचा कॅमेरा असेल तर ५० मिमी एफ/१.८ सुद्धा पुरते. जड लेन्ससाठी मोनोपॉड (एकपायी आधार) चालतो. ट्रायपॉड वाटेत येतो, मागच्यांना अडवतो आणि कोणाचा तरी पाय त्यात अडकतोच.

अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) पूर्ण उघडले की फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी, किती उरते, हे माहीत असावे. २०० मिमी, एफ/२.८ आणि दहा मीटर अंतर असेल तर सुमारे चाळीस सेंटिमीटर. पाच मीटरवर ती दहाच्या आसपास येते. याचा अर्थ जवळून काढताना डोळा धारदार आणि पुढे आलेला हात धूसर होणार. सतारीवर बोटे आणि डोळे दोन्ही स्पष्ट हवे असतील तर एफ/४ पर्यंत यावे किंवा मागे सरकावे. फोकसचा एकच बिंदू निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवावा. डोळा आपोआप शोधणारी सोय मिटलेले डोळे, चष्मा आणि मध्ये आलेला माइक यांपुढे अनेकदा गडबडते, आणि मग माइकच्या जाळीचा अतिशय सुरेख, धारदार फोटो मिळतो.

प्रकाश

संपूर्ण मॅन्युअल मोडची सवय करावी. मंचावरचा चेहरा उजळ आणि मागचा पडदा काळा असला की कॅमेऱ्याची स्वयंचलित मोजणी काळ्याला भुलते आणि चेहरा पांढराफटक करते. मागे एलईडी पडदा असला तर उलट होते, आणि पडद्यावरचे चित्र बदलले की प्रत्येक फोटोचे एक्स्पोजर वेगळे येते. चेहऱ्यावरचा दिवा मात्र बहुधा स्थिर असतो. म्हणून स्पॉट मीटरने (छोट्या भागाचाच उजेड मोजणाऱ्या सोयीने) चेहरा मोजून आकडे पक्के करावेत आणि दिवे बदलेपर्यंत त्यांना हात लावू नये. तंबोरे लावण्याची वेळ यासाठी उत्तम: सर्व जण जागेवर असतात, प्रकाश ठरलेला असतो, आणि गायक तंबोऱ्याच्या भोपळ्याकडे कान लावून जवारी (तारांचा घुमणारा नाद) ऐकत असतो किंवा तबलजी हातोडीने गट्टे ठोकून कडा सुरात आणत असतो, तेव्हा मिळणारे फोटोही दुय्यम नसतात.

सभागृहात साधारणपणे एफ/२.८, १/२०० सेकंद आणि ३२०० आयएसओ येथून सुरुवात करावी आणि प्रकाशाप्रमाणे आयएसओ १६०० ते ६४०० मध्ये फिरवावे. आयएसओ वाढल्याने येणारे दाणे चालतात. हललेला चेहरा चालत नाही. पांढरा कुर्ता, रुपेरी केस आणि जरीचे काठ हे तीन धोके आहेत: चेहरा ठीक दिसत असताना खांद्यावरचा कुर्ता जळून गेलेला असतो, आणि जळलेल्या भागातली घडी नंतर कशानेही परत येत नाही. किंचित गडद काढावे आणि रॉ, म्हणजे सेन्सरवरची कच्ची माहिती जपणाऱ्या, फाइलमध्ये नंतर उजळावे.

एलईडी दिव्यांचे दोन उपद्रव आहेत. पहिला रंगाचा: गडद लाल किंवा निळ्या प्रकाशात सेन्सरचा एकच रंगमार्ग भरून वाहतो, एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) निर्धास्त दिसतो आणि फोटोत चेहऱ्याच्या जागी लाल लगदा उरतो. म्हणून लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे हिस्टोग्राम दाखवणारा पर्याय चालू ठेवावा आणि अशा प्रकाशात एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड द्यावा. दुसरा उपद्रव लुकलुकण्याचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर थेट चालणाऱ्या ट्यूबलाइट आणि स्वस्त दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा वरखाली होतो. १/१०० किंवा १/५० सेकंदात पूर्ण चढउतार सामावतो. १/५०० ला मात्र एक फोटो उजळ आणि पुढचा मळकट येतो. घरगुती बैठकीत ट्यूबलाइट असेल तर १/१०० वरच राहावे. मंचावरचे एलईडी वेगळ्या, बऱ्याच जलद गतीने लुकलुकतात. तेथे कॅमेऱ्यातली फ्लिकर-प्रतिबंधक सोय वापरून पाहावी आणि साउंड चेकमध्येच पट्टे येतात का ते तपासावे.

उघड्यावरच्या महोत्सवांचे गणित निराळे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. पूर्वी तो रात्र-रात्र चाले, आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धकांवर निर्बंध आल्यापासून त्याची सत्रे दुपारी सुरू होऊ लागली. फोटोग्राफरसाठी याचा अर्थ असा की मुलतानी किंवा भीमपलास हे दुपारचे राग चालू असताना मांडवाच्या कापडातून गाळून आलेला दिवसाचा उजेड आणि मंचावरचे दिवे एकत्र असतात, आणि तासाभरात पहिला नाहीसा होतो. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची दुरुस्ती) स्वयंचलित ठेवला तर दर दहा मिनिटांनी त्वचेचा रंग बदलतो. तो एका आकड्यावर, म्हणजे दुपारी पाच हजार केल्विनच्या आसपास आणि अंधारल्यावर दिव्यांप्रमाणे तीन ते चार हजारांवर, हाताने ठेवावा. मांडवाचे कापड रंगीत असेल तर चेहऱ्यावर उतरणारी त्याची छटा रॉ फाइलमध्येच काढावी लागते.

फ्लॅश वापरू नये. याला अपवाद मला माहीत नाही.

आवाज

षड्ज लागत असताना, केवळ तंबोऱ्यांचा नाद चालू असताना, डीएसएलआरच्या आरशाचा खटका शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि ध्वनिमुद्रणातही उतरतो. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्याचा इलेक्ट्रॉनिक शटर निःशब्द असतो, पण तो सेन्सर ओळीओळीने वाचतो. त्यामुळे काही एलईडी दिव्यांत आडवे पट्टे येतात, आणि संतूरच्या कलमा किंवा द्रुतातली तबल्यावरची बोटे वाकडी दिसतात. त्यावर माझी पद्धत अशी: आलापात आणि विलंबिताच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक शटर, कारण हालचाल संथ असते, द्रुत, ‘झाला’ (तंतुवाद्यावरचा शेवटचा जलद भाग) आणि तबल्याच्या सोलोमध्ये यांत्रिक शटर, कारण तेव्हा तबल्याच्या आवाजात खटका बुडतो. डीएसएलआरच असेल तर आलापात बटणाला हात लावू नये; क्वाएट मोडमधला आवाजही तंबोऱ्यापेक्षा मोठाच असतो.

याखेरीज फोकसला मदत करणारा लाल किंवा हिरवा दिवा बंद करावा, फोकस लागल्याचा टुकटुक आवाज बंद करावा, आणि काढलेला फोटो पडद्यावर आपोआप दिसणे थांबवावे. अंधाऱ्या सभागृहात मागच्या पाच रांगांना तुमचा पडदा दिसतो. मोबाइलने काढणाऱ्यांची अडचण तीच: फोटो बरे येतात, पण उजळ पडदा डोक्याच्या वर धरलेला असतो. मोबाइलच वापरायचा असेल तर उजेड किमान करावा, फोन छातीपाशी धरावा, डिजिटल झूम टाळून केवळ लेन्सचा झूम वापरावा, आणि दोन-चार फोटो काढून तो खिशात ठेवावा.

वाद्ये आणि चेहरे

सतारिया बहुधा आपल्या डाव्या हाताकडे पाहतो, त्यामुळे प्रेक्षकांच्या उजव्या बाजूने चेहरा मिळतो, परंतु फार उजवीकडे गेले तर दांडी चेहऱ्यावर आडवी येते. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे) घेताना डाव्या हाताची बोटे तार दांडीवरच्या धातूच्या पडद्यावरच आडवी खेचतात. ती तार ताणलेली दिसली की स्थिर फोटोतही मींड दिसते, म्हणून त्या हातावर एकदा तरी जवळून फोकस करावा. चौकटीत खुंट्यांचा शेंडा अर्धा कापू नये; एक तर पूर्ण घ्यावा, नाही तर दांडीच्या मध्यावर निःशंक कापावे. सरोदियाच्या उजव्या हातातला जवा (तार छेडण्याचा तुकडा) लहान असतो आणि मुठीत जवळजवळ लपतो. डाव्या हाताची नखे मात्र तारेवर सरकताना छान दिसतात. बासरी बहुतेक वादकांच्या उजवीकडे असते, पण हरिप्रसाद चौरसिया ती डावीकडे धरतात. म्हणून जागा निवडण्याआधी वादक कोणत्या हाताचा आहे ते पाहावे, कारण बासरीचे टोक थेट लेन्सकडे आले तर वाद्यच नाहीसे होते.

तबल्यासाठी दोन वेगळे फोटो मनात ठेवावेत. बोटे थिजवायची असतील तर १/८०० सेकंद किंवा त्याहून जलद. परंतु थिजलेल्या बोटांत गती दिसत नाही. बोटे शाईवर (तबल्याच्या काळ्या वर्तुळावर) नुसती ठेवल्यासारखी वाटतात. त्यापेक्षा १/६० सेकंद ठेवावा, चेहरा स्थिर असण्याचा क्षण पकडावा आणि हातांचा धूसर पट्टा येऊ द्यावा. दहांतला एखादाच फोटो साधतो. नवखे लोक याकडे वळत नाहीत, कारण पडद्यावर लहान आकारात धूसर फोटो चुकलेला वाटतो.

गाणाऱ्याचा चेहरा हा सर्वांत अवघड विषय. ‘आ’कारात तान (जलद स्वरमालिका) घेताना तोंड पूर्ण उघडे असते, जबडा थरथरतो, मानेच्या शिरा ताणलेल्या असतात. ऐकताना यातले काहीच खटकत नाही, पण थांबलेल्या चौकटीत तेच चमत्कारिक दिसते. त्यावरचा उपाय पुन्हा कानांचाच आहे. तान सुरू होण्याआधी घेतलेला श्वास, लांबवलेल्या स्वराचा मकाराकडे मिटत जाणारा शेवट, तान संपल्यावर साथीदाराला दिलेली दाद आणि संवादिनीचा स्वर येईपर्यंत धरलेला विराम, या चार ठिकाणी चेहरा सुंदर असतो. भीमसेन जोशींचे हातवारे त्यांच्या गाण्याचाच भाग होते, आणि अशा गायकाच्या बाबतीत चौकट सैल ठेवून हातांना जागा द्यावी; फार हालचाल न करता गाणाऱ्याच्या बाबतीत मात्र चौकट आवळून डोळे आणि भुवयांवर लक्ष द्यावे. चौकटीच्या कडेने हात मनगटापाशी कापणे हा या प्रकारातला सर्वांत सामान्य दोष आहे.

पाणी पिताना, नाक पुसताना, साडीचा पदर किंवा धोतर सावरताना फोटो काढू नयेत. चुकून निघालाच तर तो त्याच रात्री पुसून टाकावा. आणि दर अर्ध्या तासाला एकदा तरी लेन्स मुख्य कलावंतावरून काढून तंबोऱ्यावरच्या शिष्येकडे, संवादिनीवादकाकडे आणि श्रोत्यांकडे वळवावी. गुरूने एखादी जागा घेतल्यावर मागे बसलेल्या शिष्येच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्याला मी अनेकदा मुख्य फोटोपेक्षा वरचे स्थान देतो.

घरी आल्यावर

निवड करताना एका मुद्रेचा एकच फोटो ठेवावा. दोनशे फोटो पाठवणाऱ्याचे कोणी पाहत नाही. पंधरा पाठवणाऱ्याचे पाहतात. एलईडीच्या जांभळ्या उजेडात त्वचेचा रंग सावरतच नसेल तर फोटो कृष्णधवल करावा, पण हा आडोसा आहे हे स्वतःशी मान्य करून. चांगल्या प्रकाशातला रंगीत फोटो केवळ ‘शास्त्रीय’ दिसावा म्हणून कृष्णधवल करण्याची पद्धत आता पुरे झाली. दाणे पूर्ण घासून काढू नयेत, नाही तर सत्तरीच्या गवयाची त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते.

हक्कांविषयी थोडे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटोचा पहिला हक्क सामान्यतः काढणाऱ्याचा असतो. परंतु कोणी मोबदला देऊन तो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर तो हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून आयोजकांकडून पैसे घेत असाल तर आधी दोन ओळींचा लेखी करार करावा. व्हिडिओची गोष्ट वेगळी आहे: कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर कायद्याने स्वतंत्र हक्क आहे, आणि फोटोची परवानगी म्हणजे चित्रफितीची परवानगी नव्हे. कॅमेऱ्यातले लाल बटण कितीही हाताशी असले तरी ते दाबण्याआधी पुन्हा विचारावे.

फोटोखाली कलावंतासह तबला, संवादिनी आणि तंबोऱ्यावरच्या सर्वांची नावे, स्थळ, तारीख आणि शक्य असेल तर राग लिहावा, आणि ही माहिती फाइलच्या आतही भरून ठेवावी, म्हणजे फोटो फिरत फिरत कोठेही गेला तरी ती सोबत राहते. नावांची अक्षरे कार्यक्रमपत्रिकेवरून तपासून घ्यावीत. तंबोऱ्यावर बसलेल्या विद्यार्थ्यांची नावे अनेकदा पत्रिकेत नसतात. ती मध्यंतरात त्यांनाच विचारून वहीत टिपावीत, सोबत त्यांचा नंबर घ्यावा आणि त्यांचा फोटो त्यांना पाठवावा. मुख्य कलावंताकडे हजार फोटो असतात, त्यांच्याकडे बहुधा एकही नसतो.